तीच ती गाणी वाजवून कंटाळलेल्या कीबोर्डवादकाच्या प्रश्नाला उत्तर

जिंतूरकडच्या एका कीबोर्डवादकांचा प्रश्न असा आहे: लग्नसराईत ते एका ऑर्केस्ट्रासोबत जवळजवळ रोज वाजवतात आणि ‘झिंगाट’, नागिणीची धून, ‘कोंबडी पळाली’, ‘आज मेरे यार की शादी है’ आणि ‘लग जा गले’ ही गाणी सुरू झाली की त्यांना स्टेजवरून उतरून जावेसे वाटते. मालक म्हणतात, लोक पैसे याच गाण्यांचे देतात. गायिका मात्र त्यांच्या बाजूने आहे. ही गाणी यादीतून काढली तर सुपाऱ्या (कार्यक्रमांची बोलावणी) कमी होतील का, आणि काढता येत नसतील तर ती वाजवत राहण्याचा काही सुसह्य मार्ग आहे का, असे त्यांनी विचारले आहे.

यात दोन वेगळे प्रश्न आहेत. गाणी काढावीत का, हा धंद्याचा प्रश्न झाला. ती वाजवताना जीव का विटतो, हा वादनाचा. आपण पहिल्यावर भर दिला आहे, परंतु आपला खरा त्रास दुसऱ्यातला आहे असे मला वाटते. मी लातूर-नांदेड पट्ट्यात बरीच वर्षे ऑर्केस्ट्रा चालवतो आणि त्याआधी दुसऱ्यांच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्डच वाजवत होतो, त्यामुळे मालकाचे आणि वादकाचे असे दोन्हीकडचे बोलणे मला ओळखीचे आहे.

धंद्याचे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे, म्हणून ते थोडक्यात सांगतो. आपण एका रात्रीच्या मानधनावर वाजवत असाल तर यादी आपली नसते, तिच्यावर वाद घालून उपयोग नाही. गावात हळदीच्या रात्री मांडवापुढे स्टेज असेल आणि ऑर्केस्ट्राने ‘झिंगाट’ला नकार दिला, तर पुढचे लग्न त्याच भावकीत असल्यामुळे ती सुपारी दुसऱ्याकडे जाते, हे मालकांचे म्हणणे खरे आहे. याउलट छत्रपती संभाजीनगरात किंवा लातुरात तिकीट लावून जुन्या गाण्यांचा कार्यक्रम केला तर तिथे यादी सर्वस्वी आपली असते आणि ‘लग जा गले’ नव्हते म्हणून कोणी तिकिटाचे पैसे परत मागत नाही. गणपती आणि नवरात्रातल्या मंडळांचे कार्यक्रम या दोहोंच्या मध्ये येतात. तिथे अध्यक्ष आग्रहाने यादी मागून घेतात, खिशात ठेवतात आणि बहुधा वाचत नाहीत, त्यामुळे बऱ्यापैकी मोकळीक मिळते.

एक गोष्ट मात्र आधी बाजूला काढून ठेवली पाहिजे. मे महिन्यात उदगीरची हळद रात्री उशिरा आटोपून, टेम्पोत सामानावर डोके टेकून, दुपारी परळीचे लग्न गाठणाऱ्या वादकाला कोणतेही गाणे नकोसे वाटेल. तो शीण आहे. त्यावर झोप आणि अधूनमधून एखादी सुपारी सोडणे याशिवाय इलाज नाही. नीट झोप झाल्यावरही तेच गाणे नको वाटत असेल, तरच पुढचे विवेचन आपल्या कामाचे आहे.

गाणे फार वेळा वाजवले म्हणून कंटाळा येतो, असे आपण सगळेच म्हणतो. परंतु आपल्याच भागातले एक उदाहरण या म्हणण्याच्या आड येते. सप्ताहात आणि एकादशीच्या भजनात ‘रूप पाहता लोचनी’ आणि ‘सुंदर ते ध्यान’ हे अभंग पिढ्यान्‌पिढ्या म्हटले जातात, आणि आपल्या एखाद्या गाण्याच्या वाट्याला येतील त्याहून कितीतरी अधिक वेळा म्हटले जातात. तरीही पखवाजवादकाने त्या अभंगाला वैतागून पखवाज खाली ठेवल्याचे मी पाहिलेले नाही. भक्ती हे कारण आहेच, परंतु वादनाच्या अंगानेही एक कारण आहे. गायक एखादे चरण घोळवत राहतो, मध्येच चाल बदलतो, टाळकरी मागून उचलतात, आणि या सगळ्यातून उठाण, म्हणजे जोमाने वर उचललेले वादन, केव्हा घ्यायचे हे पखवाजवादकाला त्या क्षणी कान देऊन ठरवावे लागते. अभंग तोच असला तरी रोजचे काम तेच नसते.

आता आपल्या स्टेजकडे पाहा. आपल्याकडे ‘रेकॉर्डसारखे वाजले’ ही सर्वांत मोठी शाबासकी आहे. पेन ड्राइव्हवरचा मायनस ट्रॅक (गायकाचा आवाज वगळलेले तयार संगीत) सुरू करायचा, ऑक्टोपॅडवाल्याने, म्हणजे विजेवरचे तालवाद्य वाजवणाऱ्याने, त्यावर ठोके टाकायचे आणि कीबोर्डवाल्याने ट्रॅकमध्ये असलेलेच सूर पुन्हा धरून उभे राहायचे, अशी पद्धत अलीकडे पडली आहे. तुम्ही थांबलात तरी गाणे थांबत नाही, हे तुमच्या बोटांना कळलेले असते, आणि विट येतो तो त्या जाणिवेचा. त्यामुळे एखादे गाणे यादीत ठेवताना मी एकच गोष्ट तपासतो, ती म्हणजे आज रात्री या गाण्यात वादकाला कान देऊन काही ठरवावे लागणार आहे की नाही. लागत नसेल तर तसे काही त्यात निर्माण करता येते का ते पाहतो, आणि तेही जमत नसेल तर ते गाणे काढतो. आपण दिलेल्या यादीतली गाणी या कसोटीवर अगदी वेगवेगळी उतरतात.

नागिणीच्या धुनेबद्दल मी जरा विस्ताराने लिहितो, कारण ती नकोशी झालेल्या बहुतेक कीबोर्डवादकांना तिचे मूळ ठाऊक नसते. ‘नागिन’ (१९५४) या चित्रपटाचे संगीतकार हेमंतकुमार होते आणि ‘मन डोले मेरा तन डोले’ या गाण्यात ऐकू येणारी बीन ही प्रत्यक्षात बीन नव्हती. कल्याणजी यांनी क्लेव्हिओलिन आणि रवी यांनी हार्मोनियम वाजवून तो आवाज उभा केला होता. क्लेव्हिओलिन हे विजेवर चालणारे कीबोर्डच होते. म्हणजे वरातीत रूमाल दातांत धरून जमिनीवर लोळण घेणारी जी मंडळी आपण पाहतो, ती सत्तर वर्षांपासून एका कीबोर्डवादकाच्या करामतीवर नाचत आली आहेत. आपण ती धून तयार ‘स्नेक चार्मर’ छापाच्या टोनवर, दोन्ही हातांनी, सरळ स्वर दाबून वाजवत असाल तर ती कंटाळवाणीच होणार. त्याऐवजी एखादा साधा, थोडा नाकात बोलणारा टोन घ्या, कीबोर्ड मोनोवर टाका म्हणजे एका वेळी एकच स्वर वाजेल, पोर्टामेंटो, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय, थोडा चालू ठेवा आणि डावा हात पिच बेंडच्या (स्वर वरखाली ओढण्याच्या) चाकावरून काढूच नका. स्वर खालून ओढत नेऊन नेमक्या जागी सोडणे हे चाकाचे काम आहे आणि ते दोन वेळा सारखे होत नाही. नंतर त्याच धुनेला हार्मोनियमच्या टोनने उत्तर द्या. समोर नाचणाऱ्याच्या अंगाकडे पाहून सवाल लांबवायचा की जवाब लवकर द्यायचा, हे तुम्हाला ठरवावे लागते. ट्रॅक लावून हे करता येत नाही, म्हणून या धुनेला ट्रॅक लावायचा नाही असा नियम मी केला आहे.

‘कोंबडी पळाली’चे गणित याहून सोपे आहे. ‘जत्रा’ (२००६) मधली अजय-अतुल यांची ही चाल ‘अग्निपथ’ (२०१२) मध्ये ‘चिकनी चमेली’ म्हणून हिंदीत गेली, आणि आता एकाच मांडवात थोरांकडून एकीच्या आणि पोरांकडून दुसरीच्या फर्माइशीची चिठ्ठी येते. दोन्ही वेगवेगळी वाजवली तर एकच चाल आपल्याला रात्रीतून दोनदा वाजवावी लागते. मराठी मुखडा आणि अंतरा झाल्यावर ताल न तोडता पट्टी एका स्वराने वर नेऊन हिंदीत उतरलो तर दोन फर्माइशी एकदम मार्गी लागतात, आणि पट्टी नेमक्या मात्रेवर बदलण्याचे खरे काम वादकाच्या हाताला मिळते. ट्रान्सपोजचे (पट्टी आपोआप बदलणारे) बटण न दाबता ही बदललेली पट्टी हाताने वाजवून पाहा. मजा त्यातच आहे. ‘झिंगाट’चेही तसेच आहे. ‘सैराट’ २०१६ साली आला आणि २०१८ मध्ये ‘धडक’मुळे त्याच चालीवर हिंदी शब्द आले, त्यामुळे तिथेही हीच युक्ती चालते.

‘झिंगाट’साठी मात्र मी आणखी एक गोष्ट करतो. गावातल्या हळदीला हलगीवाले बहुतेक ठिकाणी आलेलेच असतात आणि आपला कार्यक्रम सुरू झाला की ते बिचारे मांडवाच्या कडेला बसून राहतात. त्यांना आधी विचारून, दुसऱ्या अंतऱ्यानंतर आठ-दहा आवर्तने पूर्ण मोकळी ठेवून, हलगी स्टेजवर घ्यावी. चामड्याची हलगी असेल तर ती शेकून ताणावी लागते, ऐनवेळी हाक मारली तर थंड हलगी बद्द वाजते आणि सगळा बेत फसतो; म्हणून आधीचे गाणे सुरू होतानाच त्यांना खूण करावी लागते. हलगी एकदा सुरू झाली की ती कुठे थांबेल हे आपल्याला माहीत नसते आणि ते माहीत नसणेच आपल्याला हवे आहे. ऑक्टोपॅडवाल्याने त्या वेळी हात आवरायचा असतो. हे त्यांना पटवणे, माझ्या अनुभवात, हलगीवाल्यांना शोधण्यापेक्षा अवघड जाते.

‘सैराट’मधल्याच ‘याड लागलं’चा उल्लेख आपण केलेला नाही, परंतु तेही नको झालेल्या गाण्यांत लवकरच येईल असे मला वाटते, आणि त्याचे कारण वेगळे आहे. ‘सैराट’साठी सिंफनी वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण लॉस एंजेलिसमध्ये झाले होते. तिथल्या व्हायोलिनांच्या ताफ्याची जागा आपण कीबोर्डवरच्या एका स्ट्रिंग टोनने भरू पाहतो आणि दर वेळी कमी पडतो. रोज कमी पडण्याचाही एक विट असतो. ते गाणे मी यादीतून काढले होते; पुढे नुसती हार्मोनियम आणि बासरी यांवर, जवळजवळ भावगीतासारखे बसवून परत घेतले. तशी बासरी वाजवणारा सोबत नसेल तेव्हा ते अजूनही घेत नाही.

‘आज मेरे यार की शादी है’ या गटाबद्दल माझे मत थोडे कठोर वाटेल. वर ज्या रवी यांचा उल्लेख आला, तेच पुढे संगीतकार म्हणून आपल्या लग्नांचे जणू मालक झाले. ‘मेरा यार बना है दूल्हा’ (चौदहवीं का चाँद, १९६०), ‘बाबुल की दुआएँ लेती जा’ (नीलकमल, १९६८), ‘डोली चढ के दुल्हन ससुराल चली’ (डोली, १९६९) आणि ‘आज मेरे यार की शादी है’ (आदमी सडक का, १९७७) ही सगळी त्यांचीच. ही गाणी लोक ऐकत नाहीत, ती विधीचा भाग झाली आहेत. मारुतीच्या देवळापासून परण्या (नवरदेवाची मिरवणूक) निघाला की यारवाले गाणे आणि पाठवणीला बाबुलवाले, हे मंगलाष्टकांइतकेच ठरलेले असते. मंगलाष्टके म्हणणाऱ्या गुरुजींना कंटाळा येतो का, हे कोणी विचारत नाही. आपणही इथे आपला कंटाळा विचारात घेऊ नये. फार तर पाठवणीला ताल पूर्ण बंद ठेवून, आवाज निम्म्यावर आणून, नुसती चाल वाजवावी. नवरीची आई समोर रडत असताना ऑक्टोपॅडचे ठोके मला तरी सहन होत नाहीत.

‘लग जा गले’चा प्रश्न तुमच्यापेक्षा गायिकेचा अधिक आहे. ‘वो कौन थी’ (१९६४) मधले मदनमोहन यांचे हे गाणे आज प्रत्येक कराओके मंडळात म्हटले जाते आणि समोरच्या प्रत्येकाच्या कानात लताबाईंची एकेक हरकत पक्की बसलेली असते, त्यामुळे गायिका गाण्यापेक्षा परीक्षा देत असते. इथे मी शेजारचे गाणे पुढे करतो. त्याच चित्रपटात ‘नैना बरसे’ आहे, ‘जो हमने दास्ताँ अपनी सुनाई’ आहे. आवाज तोच, संगीतकार तोच, काळ तोच. निवेदकाने नीट ओळख करून दिली तर फर्माईश करणाऱ्याची तक्रार राहत नाही, उलट तो ‘हे बरेच दिवसांनी ऐकले’ असे म्हणतो. ‘आराधना’ (१९६९) मधले ‘मेरे सपनों की रानी’ नको झाले असेल तर ‘कोरा कागज था’ घेता येते. ही युक्ती मैफिलीत चालते, हळदीत चालत नाही; हळदीतल्या माणसाला गाणे हवे नसते, नाचायला ते एकच निमित्त हवे असते. मूळ गाणे म्हणावेच लागले तर गायिकेला झेपेल त्या पट्टीत घ्या. तीन तास गाऊन झाल्यावर गळा उतरलेला असतो, तेव्हा रेकॉर्डच्या पट्टीचा हट्ट धरण्यात मोठेपणा नाही.

एका प्रकारच्या गाण्यांना मात्र वरची कोणतीही युक्ती लावू नये. एप्रिलमध्ये आंबेडकर जयंतीच्या कार्यक्रमांत किंवा १४ जानेवारीला, मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव जोडले गेले त्या नामविस्तार दिनी, विद्यापीठाच्या कमानीजवळ आपल्याला साथीला बोलावले, तर वामनदादा कर्डकांसारख्या कवींची तीच गाणी एका रात्रीत अनेक गायन पार्ट्यांकडून पुन्हा पुन्हा होतात. १९९४ च्या नामविस्तारामागे मोठी आणि रक्तरंजित लढाई होती आणि समोर बसलेल्यांपैकी अनेकांच्या घरात तिची आठवण आहे. तिथे शब्द सुटेसुटे आणि स्वच्छ पोहोचले पाहिजेत. मधले संगीत लांबवणे, दोन गाणी एकमेकांत गुंफणे किंवा शेजारचे गाणे सुचवणे हे तिथे अस्थानी ठरते. साथ हळू आणि नेमकी ठेवावी, एवढेच आपले काम आहे.

आता क्रमाविषयी, कारण एकच गाणे एका रात्रीत तीनदा वाजवावे लागणे हा प्रकार बहुधा क्रम चुकल्यामुळे होतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. सणासुदीच्या मोजक्या दिवशी सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते, ती वर्षात १५ दिवसांहून अधिक नसते आणि घरच्या हळदीला ती गृहीत धरता येत नाही. आपल्याला हे बंधन वाटते, पण कंटाळलेल्या वादकाच्या ते पथ्यावर पडते. ‘झिंगाट’ आठ वाजता वाजवले तर नऊला आणि पावणेदहाला पुन्हा वाजवावे लागते. मी ते शेवटच्या पंधरा मिनिटांत ठेवतो आणि निवेदकाला कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच सांगायला लावतो की ‘झिंगाट’ येणार आहे, शेवटी येणार आहे आणि सगळ्यांनी जेवून यायचे आहे. एवढ्याने निम्म्या चिठ्ठ्या थांबतात. पाचशेची नोट नाचवत स्टेजपाशी येणारे मामा प्रत्येक लग्नात असतात, त्यांनाही निवेदकानेच सामोरे जावे. वादकाने मान हलवून नकार दिला की तो अपमान समजला जातो.

मालकांशी बोलायचे झाल्यास यादी छोटी करण्याचा विषय काढू नका, इसार (आगाऊ रक्कम) घेण्याच्या वेळेचा विषय काढा. इसार देताना यजमानाला ‘तुम्हाला कोणती गाणी नक्की हवीत, घरात विचारून तीन सांगा’ असे म्हटले की उत्तर बहुतेक वेळा आपल्या समजुतीपेक्षा वेगळे येते. आजोबांना एखादा अभंग हवा असतो, नवरीला एखादे नवीन मराठी गाणे. लोकांना हेच पाहिजे, हे आपण पुष्कळदा लोकांना न विचारताच धरून चालतो. ती तीन गाणी झाली की उरलेल्या रात्रीत तुम्ही काय वाजवता याकडे यजमानाचे फारसे लक्ष नसते.

थोडक्यात, आपल्या यादीपैकी नागिणीची धून आणि ‘कोंबडी पळाली’ आपण स्वतः बदलू शकता, ‘झिंगाट’साठी सोबत्यांची तयारी लागेल, ‘लग जा गले’ मैफिलीत टाळता येईल आणि यारवाले गाणे जसे आहे तसे वाजवावे लागेल. या बदलांची तालीम लग्नसराईत होत नाही. चातुर्मासात लग्ने थांबलेली असताना दोन-तीन गाणी काढून ट्रॅकशिवाय बसवा, गणपतीत एखाद्या मंडळासमोर वाजवून पाहा आणि तुळशीचे लग्न होऊन हंगाम उघडेपर्यंत ती हातात बसवून घ्या. सुरुवात ‘कोंबडी पळाली’ने करा, तिथे नवीन काही बसवावे लागत नाही, फक्त पट्टी बदलण्याची जागा गायिकेसोबत पक्की करावी लागते, आणि चिठ्ठ्या कमी झाल्याचे मालकांना त्याच रात्री दिसते.